चष्मा गेला, पण डोळा तोच!

“मावशी, आज डोळे उघडले आणि भिंतीवरचं घड्याळ दिसलं गं!” फोनवर माझी भाची आनंदानं अक्षरशः ओरडत होती. दोन्ही डोळ्यांना मायनस बारा नंबर. चौथीत असताना फळ्यावरचं दिसेना म्हणून लागलेला चष्मा वर्षावर्षाला जाड होत गेलेला. सकाळी उशाशी चाचपडून तो हाताला लागेपर्यंत पोरीचा दिवसच उजाडत नसे. मीसुद्धा भरात म्हणून गेले, “सुटलीस बाई! डोळ्यांची कटकट कायमची मिटली.”

माझं हे बोलणं किती अपुऱ्या माहितीचं होतं, ते पुढं दीड वर्षानं कळलं. म्हणूनच आज हा लेख लिहायला बसले.

लेसर नव्हे, डोळ्याच्या आत भिंग

शाळेच्या पुस्तकात जिला निकटदृष्टिता म्हणतात, त्यात डोळ्याचा गोल मागच्या बाजूला जरा लांबट झालेला असतो. एरवी तो साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो याहून लांबला की दूरच्या वस्तूची प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते आणि दूरचं पुसट दिसतं.

ताईनं आधी लेसिकचीच चौकशी केली होती. त्यात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, म्हणजे कॉर्नियाला, लेसरनं थोडं झिजवून नवा आकार देतात. नंबर जितका मोठा, तितकं जास्त झिजवावं लागतं. हिचा नंबर मोठा आणि कॉर्निया मुळातच पातळ, त्यामुळं डॉक्टरांनी लेसिकला साफ नकार दिला. मग त्यांनी सुचवली आय. सी. एल., म्हणजे डोळ्यात बसवायची कोलामर नावाच्या पदार्थाची मऊ लेन्स.

डोळ्यात भिंग ठेवायचं म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण ही कल्पना तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे ॲक्रिलिकचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि तसेच राहिले, तरी डोळे बिघडले नाहीत. हे पाहून हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरांनी १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आज आपल्या आई-आजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवतात, ते याच घराण्यातलं.

फरक एवढाच, की मोतीबिंदूत आपलं मूळ भिंग काढून टाकतात आणि इथं ते तसंच ठेवतात. बहुधा थेंबांनी डोळा बधिर करतात, कडेला सुमारे तीन मिलिमीटरची चीर देतात आणि घडी केलेली लेन्स आत सोडतात. ती आत उलगडते आणि रंगीत बुबुळाच्या मागं, मूळ भिंगाच्या पुढं बसते. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, आणि त्याच दिवशी घरी. अमेरिकेत या लेन्सला २००५ साली परवानगी मिळाली. डोळ्यातलं पाणी खेळतं राहावं म्हणून मधोमध बारीक छिद्र ठेवलेल्या नव्या लेन्सला तिथं २०२२ साली परवानगी मिळाली. गरज पडली तर ही लेन्स काढताही येते.

सगळ्यांनाच चालत नाही

अमेरिकेत २०२२ साली मिळालेली परवानगी २१ ते ४५ वयासाठी होती. निदान वर्षभर नंबर स्थिर असावा लागतो. दिवस गेलेले असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना हे ऑपरेशन पुढं ढकलतात. लेन्स बसायला डोळ्याच्या पुढच्या भागात पुरेशी खोली लागते आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशी भरपूर असाव्या लागतात, कारण या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. म्हणून आधी बरीच मापं घेतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर मापांपूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवावी लागते.

धोकेही ऐकून घ्यावेत. क्वचित डोळ्यातला दाब वाढतो, जंतुसंसर्ग होतो, लवकर मोतीबिंदू येतो किंवा माप न जुळल्यानं लेन्स बदलावी लागते. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. खर्चही लेसिकपेक्षा जास्त येतो. आणि चाळिशी चुकत नाही! तांदूळ निवडायला आणि सुई ओवायला पुढं जवळचा चष्मा लागणारच.

घरी आल्यावर

डोळा चोळायचा नाही, हा पहिला नियम. थेंब घड्याळाच्या काट्यावर घालायचे, आणि त्याआधी हात साबणानं धुवायचे. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. डोक्यावरून आंघोळ आणि काजळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. फोडणीचा धूर, मिरच्या कुटणं, माळा झाडणं यापासून काही दिवस लांबच राहावं. घरात दुसरं कुणी करणारं नसेल, तर ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधीच तशी सोय करावी. डोळा फार दुखला, लाल झाला, पुसट दिसू लागलं किंवा डोकेदुखीबरोबर उलटी झाली, तर “उद्या बघू” म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि मग दीड वर्षानं

भाचीचं ऑपरेशन उत्तम झालं. चष्मा गेला तसं स्थळ पटकन जमलं, लग्न झालं, आणि तपासणीच्या तारखा त्या गडबडीत मागं पडल्या. सगळं स्वच्छ दिसतंय, मग डॉक्टरकडं कशाला जायचं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

एका रात्री तिचा फोन आला. आवाज दबका होता. “मावशी, अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होतंय. काळे ठिपकेही तरंगतायत. आई म्हणतात, जागरणानं होतंय.” सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं; त्यांना तरी कुठं ठाऊक असणार? पण डॉक्टरांच्या कागदावर ही लक्षणं वाचल्याचं मला आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिला घेऊन गेले. थेंब घालून बाहुली मोठी केली आणि तपासलं, तर मागच्या पडद्याला कडेला बारीक चीर पडलेली. त्याच दिवशी लेसरनं तिच्या भोवतीचा भाग पक्का केला. चिरेतून पाणी मागं शिरलं असतं, तर पडदा सुटला असता, आणि मग नजरेचाच प्रश्न होता.

लेन्समुळं हे झालं का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी समजावलं, की लेन्सनं प्रतिमा पडद्यावर आणली, पण डोळ्याचा गोल लांब होता तो लांबच राहिला. लांब डोळ्यात पडदा ताणला जातो, कडेला विरतो, जुन्या साडीचं सूत विरतं तसा. मायनस बाराचा धोका चष्म्यात नव्हता, डोळ्यात होता. चष्मा रोज नाकावर होता तोवर आम्हाला त्याची आठवण होती. तो उतरला आणि आठवणही उतरली.

म्हणून माझं सांगणं एवढंच. मोठा नंबर असलेल्या प्रत्येकीनं, ऑपरेशन केलेलं असो वा नसो, वर्षातून एकदा थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी. त्या दिवशी सोबत कुणाला तरी न्यावं, कारण काही तास पुसट दिसतं. विजा, एकाएकी वाढलेले ठिपके किंवा कडेनं काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी जावं. आणि जुना नंबर लिहिलेला कागद कधी टाकू नये. पुढं मोतीबिंदू झाला, तर लेन्स काढून ते ऑपरेशन करता येतं, पण तेव्हाच्या डॉक्टरांना ही सगळी नोंद दाखवावी लागते.

आणखी एक. मुलीला स्वतःला हवं असेल, तर हे ऑपरेशन जरूर करावं; भाचीला आजही त्याचा पस्तावा नाही. पण बघायला येणाऱ्या मंडळींच्या धास्तीनं, तारीख गाठायची म्हणून करू नये. लग्नाची तारीख एका दिवसाची असते, डोळे जन्मभराचे.

भाचीच्या स्वयंपाकघरात आता कॅलेंडर टांगलेलं आहे. दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींमध्ये एका चौकोनात लाल शाईनं लिहिलंय, ‘पडदा’. वाचायला तिला चष्मा लागत नाही, एवढंच.