उन्हाळ्यातलं परडं : न्हाणीचं पाणी, दोडका आणि धामण



मंडळाच्या कार्यक्रमात गाठ पडली की आम्हाला हमखास एक प्रश्न विचारला जातो. "मे महिन्यात पोराबाळांना घेऊन गावी जातो, तर घरामागं नुसता धुरळा. तुमच्या कोगनोळीच्या परड्यात हिरवं कसं राहतं?" दर वेळी चहाच्या रांगेत उभे राहून अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा लेख. आम्ही शेतीतज्ज्ञ नाही. उभी हयात बँकेत आकडेमोड करण्यात गेली. निवृत्तीनंतर आम्ही उभयता गावच्या घरी राहायला आलो आणि पहिले दोन उन्हाळे सपशेल नापास झालो. जे शिकलो ते त्यातूनच.

नव्या पिढीसाठी सांगतो, परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा. पुण्या-मुंबईकडे परसदार म्हणतात ते. आमच्या लहानपणी त्यात गोठा, उकिरडा, गवताची गंजी, एक शेवगा, एक लिंबू, कढीपत्ता आणि न्हाणीच्या भिंतीला लागून केळी, अळू आणि कर्दळी असत. त्यांना मुद्दाम पाणी घातलेले आम्हाला आठवत नाही. न्हाणीचे पाणी मोरीतून थेट तिकडे जाई. भांडी राखेने घासली जात, त्यामुळे तेही पाणी झाडांना चाले.

आम्ही आल्यावर पहिले काम काय केले, तर जुनी न्हाणी पाडून फरशीची नवी बाथरूम बांधली. तिचा पाइप रस्त्याकडेच्या गटारीला जोडला आणि चिखल नको म्हणून मागच्या दारापासून पंधरा फूट कोबा करून घेतला. स्वच्छ, टापटीप. पुढच्या एप्रिलपर्यंत अळू गेले, केळी करपून आडव्या झाल्या. त्यांच्याबरोबर आणखी काय गेले हे कळायला आणखी एक उन्हाळा लागला. रोज कर्दळीवर येणारा शिंजीर दिसेना. मोरीजवळचे बेडूक गेले. दयाळाची पहाटेची शीळ बंद झाली. कोबा मात्र इतका तापे की संध्याकाळी सातलाही अनवाणी पाय ठेवता येत नसे.

याचे कारण समजायला आपल्या शिवाराकडे पाहावे लागते. निपाणी भागातली बिडीची तंबाखू पावसाळ्याच्या उत्तरार्धात लावली जाते आणि साधारण माघापर्यंत निघते. शाळू, हरभरा फाल्गुनापर्यंत निघतो. मग जमीन नांगरून उन्हाला टाकतात. एप्रिल-मे मध्ये दूधगंगेकडच्या पट्ट्यात हिरवा दिसतो तो ऊस, पण उसात ना मध, ना पाखरांना चोचीने टिपता येईल असे फळ. महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडे गेली, त्यांचा आसराही गेला. अशा वेळी गावातली परडी हीच काय ती ओल आणि सावली. आपण बाथरूमचा पाइप गटारीला जोडतो तेव्हा त्या सगळ्यांचे खाते एका सहीने बंद करतो, आणि आपल्याला त्याची नोटीससुद्धा येत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही निम्मा कोबा फोडला आणि पाइप पुन्हा परड्याकडे वळवला. हिशेब सरळ आहे. दोन माणसांच्या आंघोळीचे रोजचे साठेक लिटर पाणी. भाजी आणि तांदूळ-डाळ धुतलेले दहा-बारा लिटर. मे महिन्यात मुले-नातवंडे आली की हे दुप्पट होते, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच जमाही जास्त. पाइपाच्या तोंडाशी दोन फूट खोल खड्डा काढून त्यात खालून मोठे दगड, वर खडी आणि वाळू भरली. तिथून एक चर केळीकडे, एक अळूकडे. आठवड्याने चर बदलायचा.

यात दोन पथ्ये आहेत. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी यात सोडू नये. त्यातल्या सोड्याने काळी जमीन आवळून घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते. आंघोळीच्या साबणाचे केळी-अळूला सहसा काही वाटत नाही, पण पालेभाजीला आणि कच्च्या खायच्या काकडीला हे पाणी नकोच. दुसरे, पाणी मुरले पाहिजे, साचता कामा नये. डासाचे अंड्यापासून उडण्यापर्यंतचे चक्र उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पुरे होते.

आता लागवडीचे थोडक्यात. मे महिन्यात गावी जाऊन बी टोकले तर काही मिळत नाही. उन्हाळी भेंडी, गवार, दोडका, काकडी यांचे बी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पडले पाहिजे. मेथी-कोथिंबिरीचा हट्ट या दिवसांत सोडावा, त्याऐवजी तांदुळजा आणि पोकळा लावावा. झाडांच्या बुडाशी उसाच्या पाचटाचा वीतभर थर द्यावा. गावात पाचट पेटवून देतात, मागितले तर कोणीही हसत देईल. खोडाला ते चिकटू देऊ नये, नाहीतर उधई चढते. दाराजवळही नको, त्यात विंचू बसतात. आणि ज्यांना रोज पाणी घालणे जमत नाही त्यांनी न भाजलेले नव्हे, पण न रंगवलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, चारी बाजूंनी वेलाचे बी लावावे आणि मडके भरून झाकण ठेवावे. पाणी झिरपत राहते, मुळे मडक्याला बिलगतात. आठ-दहा लिटरचे मडके आमच्याकडे तीन-चार दिवस पुरते. झाकण विसरू नये. एकदा खारीचे पिल्लू आत पडले होते.

दोडक्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण त्यात आम्ही शहाणपणा करायला गेलो. मांडव फुलांनी पिवळाधमक झाला होता. पानांवर तांबडे भुंगेरे दिसले. आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे तंबाखूची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून फवारणे. दुकानातले औषध नको, हे घरचे आणि निर्धोक, अशी आमची समजूत. ऊन उतरल्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास तीन दिवस फवारले. भुंगेरे गेले. पण दोडके धरेनात. बोटाएवढे होऊन पिवळे पडत आणि गळत.

दोडक्याला नर आणि मादी फुले वेगळी येतात. नर फुले घोसाने, मादी फूल एकटे, आणि त्याच्या मागे जन्मतःच इवलासा दोडका. नराचा पराग तिथे पोचला नाही तर तो दोडका वाढत नाही, गळतो. (सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलेच येतात, तेव्हा घाबरू नये.) आता खरी मेख ऐका. काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, पण दोडक्याचे फूल उमलते संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी. दुधी भोपळ्याचेही तसेच. म्हणजे मधमाश्या आणि पतंग ज्या वेळी फुलावर यायचे नेमकी त्याच वेळी आम्ही त्यांच्यावर विष फवारत होतो. तंबाखूतले निकोटीन हे जहालच विष आहे. भुंगेरा कोणता आणि माशी कोणती हे ते पाहत नाही. ते कातडीतूनही अंगात शिरते. ओला पाला हाताळणाऱ्यांना चक्कर-उलट्या होतात हे आपल्या भागात नवीन नाही. शिवाय तंबाखूचा पानावरचा चट्ट्यांचा रोग त्याच हातांनी मिरची-टोमॅटोलाही जातो. ती सगळी एकाच कुळातली.

तेव्हापासून भुंगेरे आम्ही हाताने वेचतो. भल्या सकाळी ते गारठलेले असतात, उडत नाहीत. दवाने ओल्या पानांवर चुलीतली राख भुरभुरतो. अगदीच गरज पडली तर लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीचा अर्क, तोही दोडक्यावर सकाळी आणि काकडी-कारल्यावर संध्याकाळी, म्हणजे फुले मिटलेली असताना. दोन्ही वेल एकाच मांडवावर असतील तर फवारूच नका. माश्या फारच कमी दिसल्या तर संध्याकाळी नर फूल तोडून, पाकळ्या मागे वळवून मादी फुलाच्या मध्यावर हलके टेकवावे. आमच्या नातीने मागच्या सुट्टीत हे काम अंगावर घेतले होते. तिने लग्ने लावलेल्या दोडक्यांना दोरे बांधले होते, म्हणून खात्रीने सांगता येते की बरेचसे धरले.

पाखरांसाठी पाणी ठेवणारे बरेच जण आहेत, पण बहुतेक जण खोल भांडे ठेवतात. पसरट परळ घ्यावी, दोन-अडीच इंचांपेक्षा खोल नको, मधे एक खडबडीत दगड असावा. झुडपाच्या अगदी लगत ठेवू नये, मांजर दबा धरते. चार-पाच फुटांवर ठेवावी. रोज पाणी बदलावे आणि भांड्याची कड घासावी, कारण डेंगीच्या डासाची अंडी कडेलाच चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत. हौदात एक काठी तिरकी टाकून ठेवावी, पडलेली खार किंवा सरडा तिच्यावरून वर येतो. आमच्याकडे सकाळी सातभाई टोळीने येतात, उन्हं चढल्यावर बुलबुल, दुपारी साळुंक्या. चिमण्या पाण्यापेक्षा शेजारच्या मातीत आंघोळ करतात, म्हणून तिथला हातभर तुकडा कोरडा सोडला आहे. आमच्या शेजारणीच्या माहेरी कन्नड बोलतात. त्या चिमणीला गुब्बी म्हणतात आणि आता आमची नातही.

आणि आता धामण. ओल आली की बेडूक येतात, धान्य आणि नारळ असले की उंदीर-घुशी येतात, आणि त्यांच्या मागे साप येतो. हे न सांगता परड्याचे कौतुक करणे म्हणजे कर्जाच्या अटी न सांगता सही घेण्यासारखे आहे. गेल्या वर्षी चैत्रात, नात यायच्या आठ दिवस आधी, लाकडांच्या ढिगाजवळ पुरुषाहून लांब साप दिसला. घरात रडारड. गल्लीतली पोरे काठ्या घेऊन आली. आम्हीही, खरे सांगायचे तर, त्यांना आडवे गेलो नाही. आडव्या गेल्या त्या शेजारच्या काकू. "काका, धामण हाय ती. मारू नगासा. केरे हावू म्हंत्यात आमच्यात, उंदरं खात्यात."

धामण बिनविषारी. दिवसा फिरते, डोळे मोठे, फणा नाही, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. ती गायीचे दूध पिते ही कथा खोटी. सापाला दूध ओढताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. ती गेली की घुशींना रान मोकळे. मग आपण विषाच्या गोळ्या टाकतो, आणि गोळी खाल्लेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबडही मरते.

पण साप ओळखण्याच्या भानगडीत सामान्य माणसाने पडू नये. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस हेही आहेत. लांब उभे राहावे, नजर ठेवावी, सर्पमित्राला बोलवावे. आम्ही लाकडाचा ढीग घरापासून परड्याच्या टोकाला हलवला, भिंतीची बिळे बुजवली, नातीला तिन्हीसांजेनंतर टॉर्च आणि बूट सक्तीचे केले. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही, म्हणून जमिनीवर झोपणे बंद. खाट आणि खोचलेली मच्छरदाणी. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांतले काहीही न करता, तो अवयव न हलवता थेट सरकारी दवाखाना. १०८ ला फोन. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून डॉक्टरला दाखवायला नेण्याची गरज नाही.

नात आली, महिनाभर राहिली. धामण तिला दोनदा दिसली, दोन्ही वेळा खिडकीतून. त्या उन्हाळ्यात घुशींची नवी बिळे आढळली नाहीत. सगळे श्रेय धामणीचे, असे आम्ही म्हणत नाही. आमच्याकडे एक बोकाही आहे.

मे महिन्यात वळीव झाला की त्या संध्याकाळी अंगणातला दिवा थोडा वेळ मालवून बसा. जमिनीतून पंखवाल्या उधईचे थवे निघतात, आणि कुठे दडले होते कोण जाणे असे भेक, पाली, कोतवाल, पिंगळे जेवायला जमतात. चतुर्थीच्या मोदकांनासुद्धा आमच्या घरी एवढी गर्दी होत नाही.

ज्यांची गावची घरे वर्षभर बंद असतात त्यांनी निदान पाइपाचे तोंड परड्याकडे वळवून ठेवावे आणि परळीत पाणी घालायला शेजारी सांगून यावे. आमच्या वेलावर यंदा चार दोडके बियाण्यासाठी वाळायला सोडले आहेत. ज्यांना बी हवे त्यांनी गावी आल्यावर घरी यावे. मागच्या दाराने आलात तरी चालेल, फक्त काठी आपटत येऊ नका.