ओटीपी सांगितलाच नाही, तरी पैसे गेले!

ऑगस्ट २०२५मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी क्रमांकावरून लग्नाचे निमंत्रण आले. ३० ऑगस्टच्या लग्नाला जरूर या, असा मजकूर आणि सोबत पीडीएफसारखी दिसणारी पत्रिका. ती उघडल्यानंतर खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. बँकेतून बोलतोय असे सांगून ओटीपी मागणाऱ्या भामट्याचा या प्रकरणात उल्लेखही नाही.

हिंगोली आपल्या जालन्यापासून फार लांब नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवायची रीत दोन्हीकडे सारखीच. तरीही ‘आपण ओटीपी कोणाला सांगत नाही, मग काळजी कसली?’ हा समज जालन्याच्या मोंढ्यापासून मंठ्याच्या बसस्थानकापर्यंत पक्का आहे. ओटीपी न सांगण्याचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. चोर त्याच्या पुढे निघून गेले आहेत.

ती ‘पत्रिका’ प्रत्यक्षात पत्रिका नसते. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात, म्हणजे ते अँड्रॉइड फोनवर बसणारे अ‍ॅप असते. बसताना ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि घाईत माणूस ‘अलाऊ’ दाबतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी फोनवर आला, की तो परस्पर चोराकडे पोहोचतो. काही अ‍ॅप्स तर स्क्रीनवर चाललेले सगळे पाहतात. ‘मी कोणालाच ओटीपी दिला नाही’ असे सांगणारा ग्राहक खोटे बोलत नसतो. दिला त्याच्या फोनने.

याच्या उलट टोकाची भीतीही गावोगाव आहे: नुसता फोन उचलला किंवा मेसेज वाचला तरी खाते रिकामे होते म्हणे. सर्रास घडते ते तसे नाही. चोराला आपल्याकडून काहीतरी करून हवे असते. अ‍ॅप बसवणे, परवानगी देणे, पिन टाकणे किंवा बनावट पानावर कार्डाचा तपशील भरणे, यांपैकी एक पायरी आपल्याला चढावी लागते. ती चढेपर्यंत या जाळ्यातून आपण सुटलेले असतो.

भोकरदन किंवा घनसावंगीत या जाळ्याला लग्नसराईची वाट पाहावी लागत नाही. पीएम किसानचे २,००० रुपये दर चार महिन्यांनी येतात, आणि ‘हप्ता पडला का?’ हा प्रश्न पारावर असतोच. ‘पीएम किसान’ नावाची बनावट एपीके फाईल नेमकी या उत्सुकतेवर चालते. सप्टेंबर २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हाही सरकारी पानासारखी दिसणारी बनावट पाने फिरू लागल्याच्या बातम्या आल्या. अनुदान, नुकसानभरपाई, वाहनाचे ई-चलन, वीजबिल: ज्याची वाट पाहतो किंवा ज्याची धास्ती असते, त्याच नावाने गळ टाकला जातो. त्यामुळे ‘अडाणी माणसेच फसतात’ हे म्हणणे निव्वळ अहंकाराचे आहे. हिंगोलीचे उदाहरण सरकारी कर्मचाऱ्याचे आहे.

आणि फाईल ओळखीच्या माणसाने पाठवली असेल तर? तेव्हा तर जास्त जपावे. एकाचा फोन ताब्यात आला, की तीच फाईल त्याच्या नावाने गावच्या ग्रुपवर, भावकीत, बचत गटात जाते. पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. सरकारी योजनेचे अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फाईलमधून घेऊच नये. प्ले स्टोअरवर शोधावे आणि ते कोणी बनवले आहे हेही पाहावे.

ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावर अजून बऱ्याच जणांचा भरवसा आहे. कुलूप एवढेच सांगते, की तुम्ही आणि ते संकेतस्थळ यांच्यातली देवाणघेवाण मधल्या कोणाला वाचता येणार नाही. समोर बँक आहे की ठग, हे ते सांगत नाही. बनावट संकेतस्थळालाही कुलूप मिळते, म्हणून गूगलने २०२३मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढले. रिझर्व्ह बँकेने आता बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ता ठरवला आहे आणि तिथे जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. पाहायचा तो नावाचा शेवट. सुरुवातीला बँकेचे नाव कोणीही घालू शकतो.

यूपीआयबद्दल थोडक्यात: पैसे घ्यायला पिन लागत नाही. मोसंबीचा अ‍ॅडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका, असे कोणी सांगितले तर पैसे जाणार आहेत, येणार नाहीत.

‘माझ्या खात्यात आहेच काय?’ असे म्हणणाऱ्यांचे खातेही चोराला हवेच असते. लुटलेली रक्कम फिरवायला दुसऱ्याची खाती लागतात. थोड्या कमिशनसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देणाऱ्या पोरांचे खाते गोठते, आणि पोलिसांच्या कागदावर पहिले नाव त्यांचे येते.

पैसे गेले की गेले, तक्रार करून उपयोग नाही, हा समज सगळ्यांत महागात पडतो. चोरीची रक्कम काही मिनिटांत खात्यांमागून खाती बदलते, पण मधल्या एखाद्या बँकेत ती अडवता येते. म्हणून आधी फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लावावा, मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. शाखा उघडायची वाट पाहू नये.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार बँक किंवा ग्राहक यांच्यापैकी कोणाचाच दोष नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काही भार येत नाही. ग्राहकाने स्वतः गोपनीय तपशील दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे. याच परिपत्रकात आणखी एक ओळ आहे, जी काउंटरवर क्वचितच कोणी सांगते: चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे.