जिभेखालची गोळी: औषध की दुसरं व्यसन?

मागच्या महिन्यात आमच्या स्टुडिओत खटाव तालुक्यातल्या एका ताईंचा फोन आला. त्यांचा मुलगा गलाईच्या कामाला उत्तरेकडं गेला होता. चार वर्षांनी परत आला तो गर्दचं व्यसन घेऊन. ताई म्हणाल्या, "दोनदा केंद्रात ठेवला. दोन्ही वेळा घरी आल्यावर पुन्हा तेच. आता डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केलीय. पोरगं जेवतंय, झोपतंय, कामाला जातंय. पण जाऊबाई म्हणतात, एक नशा सोडवून दुसरी लावली. बंद करू का गोळी?"

फोनवर आम्ही एवढंच सांगितलं, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पण 'करू नका' म्हटलं की 'का' हेही सांगायला हवं. म्हणून आजचा हा भाग.

आधी हे पदार्थ कुठले ते बघू. आपल्या डब्यातली खसखस ज्या झाडाची, त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाला चीर दिली की चीक येतो. ती अफू. अफूतून मॉर्फिन आणि कोडीन मिळतं, मॉर्फिनपासून हेरॉइन बनतं, आणि भेसळ होऊन विकलं जातं ते गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर. दुखण्यावरची ट्रामाडॉल ही गोळी कारखान्यात बनते, पण मेंदूवरचं तिचं काम याच जातीचं. तिचा गैरवापर वाढला म्हणून २०१८ साली सरकारनं ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. भाजीत घालतो त्या खसखशीची मात्र भीती नको.

आपल्या मेंदूत जणू छोटी छोटी कुलपं असतात. गर्द ही त्यात बसणारी किल्ली. ती फिरली की वेदना जाते, सुख वाटतं. रोज फिरत राहिली की मेंदूला तिची सवय होते आणि तेवढ्याच सुखासाठी जास्त गर्द लागतं. एक दिवस मिळालं नाही की नाक-डोळे गळतात, जांभया येतात, हाडं दुखतात, जुलाब होतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. गर्द ओढणारी मुलं याला 'टर्की' म्हणतात. हा त्रास काही दिवसांत ओसरतो. मेंदूतली ओढ मात्र कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं राहते. ताईंचा मुलगा केंद्रातून बरा दिसत घरी आला आणि पुन्हा घसरला, तो याच ओढीमुळं. त्यात आईचं चुकलं नाही, आणि मुलगा नालायक आहे असंही नाही.

यातला सगळ्यात मोठा धोका पुष्कळ घरांना माहीत नसतो. महिनाभर नशा बंद राहिली की शरीराची सहन करण्याची ताकद कमी होते. मग मुलानं आधी घेत होता तेवढंच गर्द पुन्हा घेतलं, तर श्वास बंद पडू शकतो.

जिभेखालच्या गोळीत बुप्रेनॉर्फिन नावाचं औषध असतं. तीही त्याच कुलपात बसते, पण किल्ली अर्धीच फिरवते. टर्की होऊ देत नाही, ओढ कमी करते, आणि ठरल्या मात्रेत घेतली तर झिंग आणत नाही. मिथॅडोन नावाचं दुसरं औषधही याच कामासाठी वापरतात.

हे कळलं कसं? १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शरीरातल्या चयापचयाचा अभ्यास करणारे डॉ. व्हिन्सेंट डोल आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेरी निस्वांडर एकत्र आले. एकाला शरीर ठाऊक, दुसरीला व्यसनी माणसं ठाऊक. १९६५ साली त्यांनी २२ रुग्णांना दिलेल्या मिथॅडोनचा अनुभव प्रसिद्ध केला. पण २२ माणसांवरून जगाला सांगता येत नाही. पोत्यातल्या ज्वारीत खडे किती, हे एका मुठीवरून कळत नाही, तसंच हे. एका दवाखान्यात असे रुग्ण थोडे, त्यातले काही मध्येच येणं सोडतात, काही पत्ता बदलतात. म्हणून अनेक दवाखान्यांनी आणि अनेक देशांनी आपापल्या नोंदी एकत्र करायला लागतात.

तसं झालंही. जागतिक आरोग्य संघटनेनं चीन, इराण, इंडोनेशिया, थायलंड, पोलंड, युक्रेन अशा देशांत एकाच पद्धतीनं हा उपचार तपासला. श्रीमंत नसलेल्या देशांतही रुग्ण उपचारात टिकले आणि त्यांचं हेरॉइन घेणं कमी झालं. आपल्याकडं दिल्लीच्या एम्सच्या व्यसन उपचार केंद्रानं देशातल्या इतर रुग्णालयांना बरोबर घेऊन मिथॅडोनचा अभ्यास केला. त्यात मुंबईचं के.ई.एम. रुग्णालयही होतं.

२०१७ साली तर १९ अभ्यासांच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. मिथॅडोन घेणारे एक लाख बावीस हजारांहून अधिक लोक त्यात होते. उपचार चालू असताना दर हजार माणसांमागं वर्षाला सुमारे ११ मृत्यू झाले, उपचार सुटल्यावर सुमारे ३६. बुप्रेनॉर्फिनमध्येही असाच फरक दिसला. हजारी चारच्या आसपास मृत्यू उपचार चालू असताना, आणि नऊहून जास्त उपचार सुटल्यावर. औषध सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे जास्त धोक्याचे असतात, हेही त्यातून समजलं. जाऊबाईंच्या बोलण्यावर आमचं उत्तर या आकड्यांत आहे.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. या गोळीची शरीराला सवय होते आणि ती अचानक बंद केली तर त्रास होतो. पण सवय वेगळी आणि व्यसन वेगळं. शुगरची गोळी रोज घेणाऱ्या सासूबाईंना आपण व्यसनी म्हणत नाही. व्यसनात माणूस घर, काम, नाती सोडून नशेमागं धावतो. ताईंचा मुलगा गोळी घेऊन कामावर निघाला आहे.

गोळीनं सगळं होतं असंही नाही. समुपदेशन लागतं, काम लागतं, माणसं लागतात. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, ते तरुण पोरांना गर्दनं गिळायला सुरुवात केली होती म्हणूनच. तिथं व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्यांना हात देतात, आणि पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात 'परिवर्तन'च्या माध्यमातून व्यसनमुक्तीचं काम उभं केलं.

आणि हा प्रश्न फक्त पंजाबचा नाही. एम्सनं अनेक संस्थांबरोबर देशभर सर्वेक्षण केलं. २०१९च्या त्या अहवालात अफूवर्गी पदार्थांमुळं मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक दिसले. अशा रुग्णांची संख्या मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचंही नाव आहे. हे आकडे जमले कारण लाखो घरांनी दार उघडून खरं सांगितलं. डॉक्टरांच्या वहीत आपण जे खरं सांगतो, त्यातूनच पुढच्या घरातल्या मुलाचा उपचार ठरतो.

आता घरी काय करायचं? गोळी पेटीत कुलपात ठेवा, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच द्या, आणि ती जिभेखाली पूर्ण विरघळू द्या. तिच्यासोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर जिवाला धोका असतो. मुलगा हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील तर १०८ला फोन करा आणि काय घेतलंय ते न लाजता सांगा. सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. स्वतःच्या मनावर ताण आला असेल तर १४४१६ला फोन लावा.

परवा त्या ताईंचा पुन्हा फोन आला. गोळी चालू आहे. दर तारखेला त्या स्वतः मुलाबरोबर दवाखान्यात जातात. "किती दिवस चालणार?" असं त्यांनी विचारलं. कुणाला काही महिने लागतात, कुणाला काही वर्षं. कमी कधी करायची ते डॉक्टर आणि मुलगा मिळून ठरवतील. तोवर शेजारपाजारचं बोलणं कानाआड करायचं. आणि जाऊबाईंना हा भाग वाचायला द्यायचा.