औषध आलं, मग दरी पडली

शिकागो शहरात १९८० साली स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जवळपास सारखं होतं. २००३ मध्ये तेच प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ६८ टक्क्यांनी जास्त निघालं. माणसाची जनुकं तेवीस वर्षांत बदलत नाहीत. मग या शहरात बदललं काय?

सायनाय अर्बन हेल्थ इन्स्टिट्यूटचे स्टीव्ह व्हिटमन, डॉ. डेव्हिड ॲन्सेल आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले. आकडेवारी मांडल्यावर दिसलं, की कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर फारसा हललाच नव्हता. गोऱ्या स्त्रियांचा मात्र नव्वदच्या दशकात झपाट्याने खाली आला होता. एका गटाचे प्राण वाचू लागले आणि दुसरा गट होता तिथेच राहिला.

या काळात वैद्यकाने मोठी मजल मारली होती. हाताला न लागणारी गाठ टिपणारी मॅमोग्राफी रूढ झाली. काही गाठींच्या पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. पेशीत इस्ट्रोजेन जिथे चिकटतं ती जागाच टॅमॉक्सिफेन हे औषध अडवून धरतं. अमेरिकेत त्याला १९७७ मध्ये मान्यता मिळाली, तर हर-टू प्रथिनाचं प्रमाण वाढलेल्या गाठींवरच्या ट्रॅस्टुझुमॅबला १९९८ मध्ये.

पण ही औषधं कामी यायची तर आधी बरंच काही जुळून यावं लागतं. मॅमोग्राम वेळेवर व्हावा, तो जाणकार नजरेने वाचला जावा, गाठीचा तुकडा तपासून तिचा प्रकार कळावा, शस्त्रक्रियेची तारीख लवकर मिळावी, रेडिएशनसाठी आठवडेच्या आठवडे रजा मिळावी आणि टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच-पाच वर्षं चुकवू नये. विमा नसलेल्या, रोजंदारीवर घर चालवणाऱ्या बाईला यातली प्रत्येक पायरी महाग पडते. शिकागोत वस्त्याही वर्णानुसार विभागलेल्या. कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या केंद्रांत मॅमोग्राम वाचायला स्तनरोगातले तज्ज्ञ क्वचितच असत, त्यामुळे बारीक गाठी नजरेतून सुटत.

जीवशास्त्राचा वाटा इथे आहेच, तो नाकारता येणार नाही. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा आक्रमक कर्करोग कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळतो. त्याच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्हींपैकी एकही खूण नसल्याने वर सांगितलेली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. शल्यविशारद डॉ. लिसा न्यूमन यांच्या अभ्यासात हा प्रकार घानामध्ये बराच, तर इथिओपियात त्या मानाने खूप कमी दिसला. म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या वंशाशी त्याचा धागा असावा; ‘कृष्णवर्णीय’ ही सरसकट ओळख त्याचं उत्तर देत नाही.

तरीही सगळा दोष या आक्रमक प्रकारावर ढकलता येत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्यांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्याने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहेत. गाठींचे प्रकार वेगळे काढून तुलना केली, तर दोन्ही गटांमधलं अंतर ट्रिपल निगेटिव्हपेक्षा संप्रेरकावर वाढणाऱ्या गाठींमध्ये जास्त भरतं. ज्या प्रकारावर सर्वांत चांगले उपचार आहेत, तिथेच दरी सर्वांत खोल! जीव वाचवणारं औषध असतं तेव्हाच ते कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, याने आयुष्याचा निकाल लागतो.

शिकागोने हे ओळखून पावलं उचलली. २००७ मध्ये शहरातल्या डॉक्टरांनी, रुग्णालयांनी आणि स्त्रियांच्या संघटनांनी मिळून अहवाल काढला. केंद्रांच्या तपासणीचा दर्जा मोजला जाऊ लागला, आणि घाबरलेल्या बाईला तपासणीपासून उपचारांपर्यंत सोबत करणाऱ्या कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. कृष्णवर्णीय लोकसंख्या सर्वाधिक असलेल्या दहा अमेरिकी शहरांच्या तुलनेत, १९९९-२००५ च्या मानाने २००६-२०१३ या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मृत्युदरात सर्वांत मोठी घट शिकागोत झाली : सुमारे १४ टक्के. दरी बुजली नाही, पण ती बुजवता येते हे सिद्ध झालं.

तपासणी वस्तीपर्यंत नेली तर जीव वाचतात, याचा पुरावा आपल्या मुंबईतही आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं प्रयोग केला. यंत्र नव्हतं; प्रशिक्षित आरोग्यसेविका त्यांच्यापैकी एका गटाची दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत, आणि दुसऱ्या गटाशी तुलना होई. सर्व वयोगट एकत्र धरले तर मृत्यूंमधली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये ती जवळपास ३० टक्के होती. वस्तीपर्यंत पोहोचणारी शिकवलेली बोटं किती जीव राखू शकतात, ते २०२१ मध्ये या निष्कर्षांतून जगापुढे आलं.

म्हणून नव्या औषधाची बातमी आली, की ते किती गुणकारी आहे एवढंच विचारून थांबू नये. ते कुठल्या वस्तीत, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने पोहोचणार, हेही त्याच दिवशी विचारलं पाहिजे. शिकागोत हा प्रश्न विचारायला पंचवीस वर्षं उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत ज्यांच्या हाती काहीच नव्हतं त्या स्त्रियांनी मोजली.