जुन्या गाडीचा इंडिकेटर स्विच कधी बदलावा, कसा बदलावा

मंडळी, आजचा विषय छोटा, पण रोजच्या रस्त्यावरचा आहे. साताऱ्याहून सांगलीला जाताना कराड ओलांडलं की पेठ नाक्याला आपण महामार्ग सोडतो. गळीत हंगामात इथं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मधून दुचाकी वाट काढतात. आपण कुठं वळणार, हे मागच्याला इंडिकेटरवरूनच कळतं. वळण संपल्यावरही तो लुकलुकत राहिला तर मागचा माणूस सरळ फसतो.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. १९८३ साली आलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे एमएच-१० आणि एमएच-११ पाटीच्या ८०० आजही दिसतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती पुढे वाढवताना गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा दिवे चालू हवेतच.

आता दोष ओळखू. एका बाजूची टिकटिक जलद झाली तर आधी बल्ब बघा. दोन्ही बाजू बंद असतील तर फ्यूज आणि फ्लॅशर बघा. हॅझार्डचं बटण दाबून चारही दिवे लागतात, पण दांडी फिरवल्यावर एकच बाजू लागत नाही, तर संशय स्विचवर घ्यायचा. पुढचा-मागचा २१ वॅटचा बल्ब धरला, तर १२ व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह होतो. तो वर्षानुवर्षं स्विचच्या पॉइंटमधून जातो आणि पॉइंट काळे पडतात. दांडी आपोआप परत येत नसेल, तर आतला प्लॅस्टिकचा खटका झिजलेला किंवा तुटलेला असतो.

नवा स्विच घेताना जुना सोबत न्या. कनेक्टरच्या पिना आणि वायरींचे रंग जुळवून घ्या, कारण मॉडेलनुसार फरक असतो.

कामाला लागताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. चाकं सरळ करा. हॉर्नचं पॅड काढलं की मधला नट दिसतो. स्टिअरिंग आणि दांडा यांवर समोरासमोर खूण करा. नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका, चार आटे राहू द्या. मग स्टिअरिंग दोन्ही हातांनी हलवत ओढा. ते सुटतं तेव्हा झटक्यात सुटतं. नट राहिलेला असला की तोंडावर आदळत नाही. दांड्यावर हातोडी मारायची नाही. अडलंच तर पुलर लावा.

पुढे खालचं कव्हर, स्क्रू आणि कनेक्टर काढून स्विच बदला. स्टिअरिंग बसवण्याआधीच बॅटरी जोडून इंडिकेटर, डिपर, वायपर तपासा, मग बॅटरी पुन्हा सोडा. स्टिअरिंग खुणेवरच बसवा. दांडी परत पाडणारा भाग स्टिअरिंगबरोबर फिरतो, म्हणून एक दाता चुकला तरी एका बाजूला ती लवकर पडते, दुसऱ्या बाजूला उशिरा. नट घट्ट आवळा. यात हयगय नको.

एअरबॅग असलेल्या गाडीला मात्र आपण घरी हात लावायचा नाही. ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनचं.

शेवटी मोकळ्या मैदानात डावीकडे आणि उजवीकडे वळून बघा. दांडी दोन्ही वेळा आपोआप परत आली, तरच काम झालं म्हणायचं. आता तुमचे प्रश्न घेऊ.