शिकारींतील खरा धोका

शिकारीच्या गोष्टी आवडत नाहींत असा विद्यार्थी विरळा. जिम कॉर्बेट यांचें कुमाऊंतील नरभक्षक वाघांविषयींचें पुस्तक १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु अद्यापही तें वाचनालयाच्या कपाटांत फार दिवस स्वस्थ बसत नाहीं. तें वाचून एका मुलानें वर्गांत मला विचारलें, "सर, शिकाऱ्याला अधिक भय वाघाचें, कीं अस्वलाचें?" मीं सांगितलें, "पुष्कळदां दोहोंपेक्षां अधिक भय बरोबरच्या माणसाच्या बंदुकीचें." वर्ग हंसला. तथापि हें उत्तर विनोदाचें नव्हतें, व तें कां हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

आपल्या देशांत १९७२ सालच्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली आहे, आणि ती बंदच राहावी हें इष्ट होय. यास्तव जेथें शिकारीस कायद्यानें मोकळीक आहे अशा देशांतील एक उदाहरण घेऊं.

११ फेब्रुवारी २००६ रोजीं अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी हे टेक्सस राज्यांत लाव्यांच्या शिकारीस गेले होते. लावा हा गवतांत दडून बसणारा लहान पक्षी आहे. पाऊल जवळ येतांच थवा भर्रकन् उडतो व नेम धरण्यास एकदोन क्षणच मिळतात. म्हणून शिकारी एका ओळींत चालतात, आणि प्रत्येकानें आपल्या समोरच्या भागांतच बार टाकावा असा संकेत असतो. त्या दिवशीं सोबतचे वृद्ध वकील हॅरी व्हिटिंग्टन हे पडलेला पक्षी शोधण्यासाठीं मागें राहिले होते. ते परत आल्याचें चेनी यांच्या ध्यानांत आलें नाहीं. दिवस कलला होता. एक पक्षी उडाला, चेनी त्याच्यामागें बंदूक फिरवीत वळले, आणि बार झाला. छर्रे व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यास, मानेस व छातीस लागले. एक छर्रा हृदयापाशीं गेल्यामुळें त्यांस पुढें हृदयविकाराचा सौम्य झटकाही आला. सुदैवानें ते वांचले.

येथें बंदूक बिघडलेली नव्हती. शिकारी नवशिका नव्हता. व्हिटिंग्टन यांच्या अंगांत दुरून दिसणारी नारिंगी बंडीही होती. चूक एवढीच कीं, डोळे पक्ष्यावर खिळले होते आणि पक्ष्याच्या पलीकडे कोण आहे हें पाहिलें गेलें नाहीं. चार दिवसांनीं चेनी यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, दोष इतर कोणाचा नाहीं, चाप आपणच ओढला. हा कबुलीजबाब स्मरणांत ठेवण्यासारखा आहे.

अशा अपघातांवरूनच बंदुकीचे चार नियम रूढ झाले आहेत. पहिला, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें समजावें. 'रिकामी आहे' या एका समजुतीनें कित्येक घरांत रडणें आणलें आहे. दुसरा, नळीचें तोंड कोणाही माणसाकडे, थट्टेनेंसुद्धां, वळवूं नये. तिसरा, नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर नेऊं नये. कारण ठेंच लागली किंवा माणूस दचकला म्हणजे मूठ आपोआप आवळली जाते. चौथा, आपलें लक्ष्य पुरतें ओळखावें, व त्याच्या मागें काय आहे तेंही पाहावें. रायफलीची गोळी मैलाच्याही पलीकडे जाऊं शकते. चुकलेला नेम कोठें तरी जाऊन थांबतोच.

चौथ्या नियमाचें कारण मनुष्याच्या मनांत आहे. तासन् तास हरणाची वाट पाहणाऱ्यास हललेल्या झुडपांत हरिणच दिसूं लागतें. डोळा जें पाहूं इच्छितो तें मन त्यास पुरवितें. यावर नारिंगी बंडीचा उपाय निघाला. हरणाच्या डोळ्यास तांबडा व हिरवा या रंगांतील भेद नीट कळत नाहीं; म्हणून जो रंग मनुष्यास झगझगीत दिसतो तो हरणास गवतापानांत मिसळलेला भासतो. मित्र सावध होतो, सावज होत नाहीं. तथापि बंडी ही दृष्टीचें काम सोपें करते. दृष्टीच्या जागीं ती येऊं शकत नाहीं.

कुंपण ओलांडतांना अथवा मचाणावर चढतांना बंदूक आधीं रिकामी करावी; चढून गेल्यावर ती दोरीनें, नळी खालीं ठेवून, वर ओढून घ्यावी. मचाणावरून पडूनही पुष्कळ शिकारी जायबंदी होतात, सबब कमरेस व खांद्यांस पट्टा बांधण्याची पद्धत आहे. मद्य घेतलेल्या माणसाच्या हातीं बंदूक देऊं नये. निघण्यापूर्वीं आपण कोणत्या रानांत जातों व केव्हां परतूं हें घरीं सांगून जावें, म्हणजे उशीर झाल्यास शोध कोठें घ्यावा हें तरी कळतें. न्यूयॉर्क राज्यानें १९४९ सालीं तरुण शिकाऱ्यांस असें शिक्षण सक्तीचें केलें, व पुढें इतर राज्यांनींही तोच मार्ग धरला.

बाळांनो, तुम्हांस शिकारीस जावयाचें नाहीं, मग हें कां वाचावें? तुमच्यापैकीं कित्येकांच्या खिशांत गलोल असते, म्हणून. आंब्याकडे मारलेला खडा आंब्यापाशीं थांबत नाहीं; फांदीच्या पलीकडे कोणाची तरी खिडकी असते, कोणाचा तरी डोळा असतो. सुटलेला खडा परत बोलावतां येत नाहीं. पालकांसही माझी विनंति आहे कीं, मुलास छऱ्यांची बंदूक खेळणें म्हणून देऊं नये. आणि घरांत परवान्याची बंदूक असल्यास ती कुलुपांत व काडतुसें दुसऱ्या कुलुपांत ठेवावींत.

हात उचलण्यापूर्वीं पलीकडे कोण आहे हें पाहावें. ही संवय लहानपणीं लागली, तर ती रानाबाहेरही जन्मभर उपयोगीं पडेल.