व्यापारधोरणाचे जाणकार आणि प्रवराकाठ

आंतरराष्ट्रीय व्यापाराचे धोरण ठरवणारी माणसे कोणत्या व्यवसायातून वर येतात, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच विचारला जातो. जकातीचा दर, निर्यातीवरील बंदी, चलनाचा विनिमय दर यांची चर्चा आकड्यांत होते आणि ते आकडे मांडणारा मनुष्य महसुली अधिकारी होता, प्राध्यापक होता, वकील होता की पेढीवरचा व्यापारी होता, ही बाब चरित्रकारांवर सोपवली जाते. वास्तविक कोणाचा जबाब घ्यायचा, कोणता खर्च खरा धरायचा आणि कोणाचे नुकसान मोजायचे, हे त्या मनुष्याच्या पूर्वव्यवसायाने बऱ्याच अंशी आधीच ठरवलेले असते. हा प्रश्न तपासण्यास अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, विशेष सोयीचा आहे. कारण दूर दिल्लीत आणि परदेशात झालेल्या व्यापारविषयक निर्णयांनी या जिल्ह्याची शेती शंभर वर्षांत एकाहून अधिक वेळा बदलली आणि याच जिल्ह्यात एक अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याचा अध्यक्ष झाला.

प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि त्याआधीच दारणेच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे सुरू झालेले होते. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, पण त्याचा गूळच होत असे. कारण दाणेदार साखर जावा बेटावरून दरवर्षी लाखो टनांनी येई आणि तिच्या भावापुढे इथल्या कारखान्याला टिकणे कठीण होते. 1932 च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने हे चित्र पालटले. आयात साखरेवर हंड्रेडवेट या वजनी मापाला सव्वासात रुपये संरक्षक जकात बसवण्याची शिफारस टॅरिफ बोर्डाने केली होती. देशी उद्योगाला परक्या मालाच्या स्पर्धेपासून ठरावीक काळ आडोसा मिळावा म्हणून आयात मालावर जो कर लावला जातो, ती संरक्षक जकात. टॅरिफ बोर्ड हे 1923 मध्ये नेमलेले चौकशी मंडळ ‘विवेकी संरक्षणा’चे तत्त्व पाळत असे, म्हणजे ज्या उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता आहे, संरक्षणावाचून जो वाढू शकत नाही आणि पुढे जो संरक्षणाशिवाय जगाच्या स्पर्धेत उभा राहू शकेल, अशाच उद्योगाला ते जकातीचा आधार देई.

या मंडळावर बसणारी माणसे मुख्यतः इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी, अर्थशास्त्राचे अध्यापक आणि मुंबईच्या व्यापारी घराण्यांतील सार्वजनिक कार्यकर्ते अशा वर्गांतून आलेली होती. पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झालेले जॉन मथाई हे मद्रासमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्यांपैकीच एक. या मंडळाची चौकशी सखोल होती, यात शंका नाही. परंतु खर्चाचे तक्ते सादर करणे कंपन्यांना जमत असे, तसे विखुरलेल्या ऊसकऱ्यांना जमत नसे, आणि 1932 नंतर नगर जिल्ह्यात जे घडले त्यात या असमानतेचा वाटा मोठा आहे. हरेगावला बेलापूर कंपनी आधीपासून होती; जकातीचा आडोसा मिळताच टिळकनगरला आणि 1939 मध्ये साकरवाडीला खासगी कारखाने उभे राहिले. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने, म्हणजे ठरावीक वार्षिक मोबदल्यावर, घेतल्या आणि मालक असूनही स्वतःच्या रानावर पाय ठेवण्याचा हक्क न उरलेला ‘खंडकरी’ हा वर्ग या जिल्ह्यात तयार झाला. कमाल जमीन धारणा कायद्यानंतर या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि वारसांना त्या परत मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. संरक्षण साखरेला मिळाले, उसाला नाही. जकातीचा दर ठरवणाऱ्या माणसांच्या प्रश्नावलीत हा भेदच नव्हता.

नेमक्या त्याच वर्षी, 1932 मध्ये, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून ‘इम्पीरियल प्रेफरन्स फॉर इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ब्रिटिश साम्राज्यातील देशांनी एकमेकांच्या मालाला जकातीत सवलत द्यावी, असा जो करार त्या उन्हाळ्यात कॅनडातील ओटावा येथे झाला होता, त्याची ही चिकित्सा होती आणि तिचे लेखक होते धनंजय रामचंद्र गाडगीळ. ओटावाला गेलेल्या हिंदी शिष्टमंडळाचे नेतृत्व अतुल चटर्जी या सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकाऱ्याकडे होते. गाडगीळांची घडण निराळी होती. भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा केंब्रिजचा प्रबंध 1924 मध्ये ग्रंथरूपाने आला, त्यानंतर सुरतेच्या महाविद्यालयात त्यांनी प्राचार्यपद सांभाळले आणि 1930 मध्ये नव्याने स्थापन झालेल्या गोखले संस्थेचे ते संचालक झाले. ओटावा कराराच्या पाठोपाठ 1933 मध्ये त्यांच्या संस्थेने पुण्यातील फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली आणि पुढे वाई तालुक्याच्या शेतीची पाहणीही केली. साम्राज्याच्या जकातीपासून आडत्याच्या गाळ्यापर्यंत एकाच अभ्यासकाची नजर फिरावी, हे त्या काळात दुर्मीळ होते आणि आजही आहे.

अर्थात एकाच मनुष्यात दोन विद्या एकत्र आल्याने धोरणचर्चेला धार येते, याचे मराठी मुलखातील त्याहून जुने उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र व ग्रेज इन येथे कायदा शिकलेल्या आंबेडकरांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध प्रसिद्ध केला आणि 1925 मध्ये शाही चलन आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाचा विनिमय दर वर-खाली झाला की आयातदार, निर्यातदार आणि मजूर यांच्यापैकी कोणाच्या खिशातून पैसा जातो, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

या अभ्यासकांच्या तुलनेत अधिकृत शिष्टमंडळांची रचना कशी होती, हे 1944 च्या जुलैमध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे भरलेल्या परिषदेवरून दिसते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था जिथे जन्मल्या, त्या परिषदेत भारताच्या वतीने सहा प्रमुख प्रतिनिधी होते: सरकारचे वित्त सदस्य जेरेमी रेझमन हे सिव्हिल सर्व्हिसमधील; थिओडोर ग्रेगरी हे लंडनमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक; बी. के. मदन हे रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञ, षण्मुखम चेट्टी हे कायद्याचे शिक्षण घेतलेले राजकारणी, ए. डी. श्रॉफ हे मुंबईच्या उद्योगजगतातील आणि ‘बॉम्बे प्लॅन’ या आर्थिक विकास आराखड्याचे एक कर्ते, आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या देशमुखांचे केंब्रिजमधील शिक्षण निसर्गविज्ञानाचे होते आणि मध्य प्रांतातील महसुली कामातून व सचिवालयातून त्यांची प्रशासकीय घडण झाली होती. अर्थशास्त्राची पदवी नसलेला हा अधिकारी नाणेनिधीच्या पायाभरणीत बसला आणि पुढे देशाचा अर्थमंत्री झाला. युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या पौंडांच्या येण्याचा, म्हणजे स्टर्लिंग शिलकेचा, प्रश्न या मंडळाने परिषदेत नेटाने मांडला, तरी परिषदेने तो आपल्या कक्षेबाहेर ठेवला. सहाही जण आपापल्या क्षेत्रात अव्वल होते, परंतु शेतमालाच्या बाजूने बोलण्याचा अधिकार ज्याच्या पूर्वव्यवसायातून यावा, असा त्यांत एकही नव्हता. त्याच महिन्यांत, एप्रिल ते सप्टेंबर 1944 या काळात, जवाहरलाल नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदी म्हणून ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. देशाचे भावी नेतृत्व किल्ल्यात आणि देशाच्या वतीने बोलणारे मंडळ अमेरिकेत, अशी ती विभागणी होती.

गाडगीळ याच सुमारास शेतीच्या कर्जपुरवठ्याचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते आणि 1945 मध्ये तिचा अहवाल आला. त्याच वर्षी बेलापूर रोड येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, कालव्यावरील बागायतदारांची परिषद गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि ऊसकऱ्यांनी स्वतःच सहकारी कारखाना काढावा हा विचार तिथे पुढे आला. तो उचलून धरला लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. बेताचे शालेय शिक्षण झालेल्या या शेतकऱ्याला पतपेढी चालवण्याचा अनुभव होता आणि गावोगाव फिरून भागभांडवल जमवण्याची चिकाटी होती. मुंबई राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता हे स्वतः प्रांतिक सहकारी बँकेच्या कारभारात मुरलेले असल्याने सरकारी भांडवलाची वाट मोकळी झाली. 1948 मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले आणि 1950-51 मध्ये प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील. ओटावा कराराची चिकित्सा करणारा प्राध्यापक आता ऊसतोडीचे वेळापत्रक, साखरेचा उतारा आणि सभासदाला द्यायचा पहिला हप्ता यांच्या हिशेबात सुरुवातीची अनेक वर्षे बसत होता.

या अनुभवाचा गाडगीळांच्या अर्थशास्त्रावर परिणाम झाला, असे मानण्यास भक्कम आधार आहे. ज्या ग्रामीण पतपाहणी समितीचे ते सदस्य होते, तिच्या 1954 च्या अहवालाने कर्ज, खरेदी-विक्री आणि प्रक्रिया ही तिन्ही अंगे एकत्र बांधण्याचा आणि सरकारने सहकारी संस्थांत भागीदार होण्याचा पुरस्कार केला. प्रवरेला नेमके हेच घडले होते. 1967 मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्या पदावरील इतर व्यक्तींच्या चरित्रांत पदव्या आणि पदे विपुल आढळतील. कारखान्याच्या वार्षिक सभेत शेतकरी सभासदांना उत्तरे देण्याचा अनुभव मात्र सहसा आढळणार नाही.

कोपरगावचे खासदार अण्णासाहेब शिंदे यांची घडण तिसऱ्याच प्रकारची होती. व्यवसायाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले आणि सहकारी चळवळीत वाढलेले शिंदे 1962 पासून 1977 पर्यंत केंद्रात शेती-अन्न खात्याशी निगडित राहिले. धान्याची आयात एक कोटी टनांच्या घरात गेलेली असताना, 1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचे बियाणे आणण्याचा निर्णय झाला, त्या काळातील खात्याच्या कारभारात ते होते. धान्याऐवजी बियाणे आयात करणे हा व्यापारधोरणातील अत्यंत शहाणा निर्णय ठरला.

शेती-सहकाराकडून धोरणाकडे जाणारा हा प्रवास शरद जोशी यांनी उलट दिशेने केला. भारतीय टपाल सेवेतील हा अधिकारी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत काम करत होता. 1977 मध्ये तो चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागला आणि 1980 च्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटनेचा नेता म्हणून पुढे आला. पुढे डंकेल प्रस्तावावर, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेला जन्म देणाऱ्या करारमसुद्यावर, देशभर विरोधाची लाट असताना जोशींनी खुल्या बाजाराची बाजू घेतली. त्यांचे मत पटो अथवा न पटो, आंतरराष्ट्रीय कार्यालयाची भाषा आणि कांद्याच्या एकरी खर्चाचा हिशेब या दोन्ही गोष्टी जाणणारा वक्ता त्या वादात दुसरा सापडणे कठीण होते.

1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाल्यावर तज्ज्ञांच्या पूर्वव्यवसायाचा प्रश्न कराराच्या कलमात आला. तंटे सोडवण्याविषयीच्या नियमावलीचे आठवे कलम सांगते की, निवाडा मंडळावर असे लोक असावेत, ज्यांनी पूर्वी मंडळावर काम केले आहे, सदस्य देशाचे प्रतिनिधित्व केले आहे, सचिवालयात नोकरी केली आहे, व्यापारविषयक कायदा किंवा धोरण शिकवले आहे वा त्यावर लेखन केले आहे, अथवा वरिष्ठ धोरण अधिकारी म्हणून काम पाहिले आहे. संघटनेच्या अपील मंडळावर गेलेले ए. व्ही. गणेशन आणि उजलसिंग भाटिया हे दोन्ही भारतीय प्रशासकीय सेवेतील होते. शेती, सहकार किंवा कारखानदारीचा अनुभव आठव्या कलमाच्या यादीत स्वतंत्रपणे कुठेच येत नाही.

या यादीचा नगर जिल्ह्याशी थेट संबंध आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखरेविरुद्ध केलेल्या तक्रारीत निवाडा मंडळाने 14 डिसेंबर 2021 रोजी भारताविरुद्ध अहवाल दिला. वादाचा गाभा एफआरपीचा, म्हणजे कारखान्याने उसाला द्यावयाच्या रास्त व किफायतशीर दराचा होता. हा दर केंद्र सरकार ठरवते, पण पैसे कारखाना देतो, सरकार ऊस खरेदी करत नाही, म्हणून ही सरकारी मदत नव्हे, असे भारताचे म्हणणे होते. सरकारने दर ठरवला की तो आधारच, खरेदी कोणी केली हा प्रश्न गौण, असे मंडळाने मानले. करारातील शब्दांपुरता हा अर्थ मांडता येतो. परंतु ज्या सहकारी कारखान्यात दर देणारा आणि घेणारा दोघेही तेच सभासद असतात, तिथे ‘मदत’ नेमकी कोणी कोणाला केली, हे विचारण्याची दृष्टी कायद्याच्या शिक्षणातून आपोआप येत नाही. भारताने 2022 च्या जानेवारीत अपील केले. अपील मंडळच 2019 च्या डिसेंबरपासून ठप्प असल्याने हा वाद लोंबकळत राहिला.

मात्र दोष सगळा जिनिव्हाचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, नाही. 2022 च्या जूनपासून साखर निर्यातीवर निर्बंध आले, ते दिल्लीतून. कांद्याची कथा अधिक दुःखद आहे: 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही असा दर, आणि 8 डिसेंबरला संपूर्ण बंदी. ती 2024 च्या मेमध्ये उठली, पण शुल्क पूर्णपणे जाण्यास 1 एप्रिल 2025 उजाडले. नगर जिल्ह्यातील नेप्ती आणि घोडेगावच्या बाजारांत ज्यांनी कांदाचाळीत साठवलेला कांदा आणला, त्यांच्यासाठी हे आदेश म्हणजे एकाच पिकाचे निरनिराळे भाव होते. असे आदेश काढणाऱ्या विदेश व्यापार महासंचालनालयात आणि ग्राहक व्यवहार खात्यात बुद्धिमान अधिकारी आहेत. शहरातील किरकोळ भाव त्यांच्यासमोर रोज येतो, चाळीतील सडीचे प्रमाण मात्र कोणत्याही रोजच्या अहवालात येत नाही. शेतकऱ्याशी वैर म्हणून हे निर्णय होत नाहीत. ज्या अनुभवातून उलट पुरावा मांडला जावा, तो अनुभव असलेले कोणी त्या खोलीत नसते म्हणून होतात.

ही उणीव भरण्याची साधने हाताशी आहेत. राहुरीला 1968 पासून कृषी विद्यापीठ आहे आणि तिथे कृषी अर्थशास्त्र शिकवले जाते. लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे सहकारातून उभी राहिलेली महाविद्यालये आहेत. भारतीय अर्थ सेवा 1961 पासून आणि भारतीय व्यापार सेवा 1977 पासून अस्तित्वात आहे. दिल्लीच्या विदेश व्यापार संस्थेत जागतिक व्यापार संघटनेच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे. जिल्हा आणि दिल्ली या दोन टोकांना जोडणारा अभ्यासक्रम राहुरीत सुरू व्हावा, व्यापार सेवेत दाखल होणाऱ्या अधिकाऱ्याने एखादा गळीत हंगाम सहकारी कारखान्यात आणि एक कांदा हंगाम बाजार समितीत काढावा, आणि साखर कारखान्यांनी आपल्या शिक्षण निधीतून दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याला व्यापार कायद्याच्या उच्च शिक्षणासाठी पाठवावे. प्रवराकाठच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावा.